साडेदहाचा भोंगा

गुहागरहून भर मे महिन्यात खानदेशात निघालेली बाई एक तर वेडी असावी किंवा तिचं तिकडे कुणीतरी आजारी असावं. माझ्या बाबतीत दुसरं खरं होतं. पहिल्याबद्दल आमच्या घरात एकमत नाही.

आजारी होत्या सुशीलाअक्का. चाळीस वर्षांपूर्वी माझे यजमान भुसावळजवळच्या वीज केंद्रात भांडार विभागात होते, तेव्हा आम्ही तिथल्या वसाहतीत चार वर्षं काढली. अक्का शेजारच्या गावातून सकाळी दूध घेऊन यायच्या आणि तशाच पुढे केळीच्या बागेत मजुरीला जायच्या. त्यांचे यजमान नामदेवनाना केंद्रात कोळशाच्या कामावर होते. आमची बदली झाली, यजमान पुढे वारले, पण अक्कांचा फोन दर दिवाळीला येत राहिला. मागच्या उन्हाळ्यात फोन आला तो नानांचा. अक्का बागेत ऊन लागून पडल्या होत्या. "वाचली, वहिनी," नाना म्हणाले, "पण पहिल्यासारखी राहिली नाही." तेव्हा माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं आणि मला जाता आलं नाही. यंदा गुडघा चालता झाल्यावर मी कुणाचं ऐकलं नाही.

जळगाव

गाडीतून उतरल्यावर पहिली चूक केली ती म्हणजे फलाटावरच्या लोखंडी कठड्याला हात टेकला. असा चटका बसला की तोंडातून निघालेला शब्द मी शिक्षिका असताना वर्गात कधी उच्चारला नसता. रिक्षावाल्याने पारा किती आहे ते सांगितलं, मला ते खोटं वाटलं. त्याने शांतपणे माझ्यासमोर सीटवर बाटलीतलं पाणी शिंपडलं. डाग पडायच्या आत सीट कोरडी झाली.

आमच्याकडे ऊन घामाने कळतं. इथे घाम येतो हेच कळत नाही, कारण तो येतानाच उडून जातो. त्यामुळे माणसाला वाटतं, आपण ठीक आहोत. हे वाटणं किती घातक आहे ते मला दोन दिवसांनी कळलं.

दुपारी खाणावळीत शेवभाजी मागवली. वाढप्याने माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, "कमी तिखट आणू का, बाई?" मी म्हटलं, "आम्ही कोकणातले, मिरची आम्हाला काय सांगता!" माणसाने बढाई मारावी, पण आधी रश्श्याचा रंग बघून मारावी. दोन घासांत नाकाडोळ्यांतून धारा लागल्या. वाढप्याने ताकाचा तांब्या आणून ठेवला, त्याचे पैसेही घेतले नाहीत.

नानांचं गाव

गाव वरणगावच्या अलीकडे आहे. भोवती केळीच केळी. बागांच्या कडेने शेवरीची दाट कुंपणं लावलेली, गरम वाऱ्याने पानं फाटू नयेत म्हणून. तरीही पश्चिमेकडच्या रांगेची पानं कडेने भाजल्यासारखी तांबडी पडली होती. घडांना पिशव्या घातल्या होत्या. मला आमच्या आंब्याचा मोहोर आठवला. यंदा तो दोनदा आला आणि दोन्ही वेळा करपला. घरोघरी मातीच्या चुली, असं आपण म्हणतो. आता चुलीपेक्षा अंगणच जास्त तापतं.

शेजारणींनी गच्चीवर ज्वारीचे बिबडे वाळत घातले होते. पूर्वी अख्खा दिवस लागायचा, आता तासाभरात कडकडीत होतात म्हणे. पापडासाठी बरंच आहे की, असं म्हणणारी म्हातारी स्वतः मात्र ओलं फडकं डोक्यावर घेऊन सावलीत बसली होती.

अक्का ओसरीवर खाटेवर होत्या. निम्म्या झाल्या होत्या. उजवा हात थरथरत होता, शब्द अडखळत होते. मला वाटलं, ओळखणार नाहीत. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "भात जळला का गं?"

मी तिथेच रडले. वसाहतीतल्या माझ्या पहिल्या दिवशी केंद्राचा भोंगा असा काही किंचाळला की मी घाबरून बाहेर पळाले आणि चुलीवरचा भात कोळसा झाला. अक्का दूध घेऊन दारात उभ्या होत्या, पोट धरून हसल्या होत्या. चाळीस वर्षांपूर्वीचा भात त्यांच्या लक्षात होता. आज सकाळी काय खाल्लं ते मात्र नव्हतं.

त्या भोंग्यावर सगळा परिसर चालायचा. सकाळी सातचा, दुपारी बाराचा, संध्याकाळी पाचचा. केंद्रातले कामगार त्यावर जायचे यायचेच, पण पाच कोसांतल्या शेतावरचे मजूरही त्यावरच कामाला लागायचे आणि त्यावरच सुटायचे. मालकाचं घड्याळ मागे असतं, मजुरांचं पुढे. भोंगा कुणाचाच नव्हता, म्हणून तो सगळ्यांना मान्य होता. तो वाजवायचं काम शेवटची बारा वर्षं नानांकडे होतं.

मग केंद्रातला जुना वीजसंच बंद झाला. कोळसा खूप खायचा आणि धूरही तेवढाच ओकायचा, त्यामुळे बंद झाला हे बरंच झालं, असं नाना स्वतः म्हणतात. नवीन संचात हजेरी बोट टेकवून होते, तिथे भोंगा लागत नाही. शेवटच्या दिवशी नानांनी तो दोन मिनिटं वाजवला. बाया दारात येऊन उभ्या राहिल्या, कुणी नारळही फोडला. त्याच महिन्यात नाना निवृत्त झाले.

बारा वाजायला आले तशी अक्कांची चुळबुळ सुरू झाली. त्यांनी मान वर करून विचारलं, "भोंगा वाजला का?"

"नाही अजून," नाना म्हणाले.

त्या पुन्हा खाली बघू लागल्या. थोड्या वेळाने पुन्हा तेच. नाना पुन्हा तेच म्हणाले, तितक्याच शांतपणे. मग मला आत घेऊन गेले आणि म्हणाले, "रोज बाराला विचारते, वहिनी. वर्ष झालं. मी काय सांगू तिले?"

बाग

काय झालं होतं ते मला कमलने सांगितलं. ती बायकांच्या टोळीची मुकादम, पन्नाशीची, आवाज असा की माईकची गरज नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मी तिच्याबरोबर पंडितभाऊंच्या बागेत गेले. पंडितभाऊ म्हणजे त्या बागेचे मालक, जिथे अक्का पडल्या. बाया केळीची पिलं, म्हणजे बुंध्याशी फुटलेले कोंब, कापत होत्या.

"आम्ही कधी घडी पाह्यली नाही, बाई," कमल म्हणाली. "मोबाईल भाकरीच्या गाठोड्यात, गाठोडं बांधावर. आठी, या बागेत, मान खाली घातली की वर नुसती पानं. ऊन दिसत नाही, सावली सरकलेली दिसत नाही. कानानंच टाईम समजे आमाले."

भोंगा बंद झाल्यावर पंडितभाऊ बांधावरून हाक मारायचे, तेव्हा बाया बाहेर यायच्या. पहिलाच उन्हाळा होता. त्या दिवशी ते एका लग्नाला गेले होते. हाक आली नाही. कामाचा जोर होता, बागेत वाऱ्याची झुळूक नव्हती. एकदोघींना वाटलं, उशीर झाला असावा. अक्का म्हणाल्या, "भोंगा वाजला का? मग? होऊ दे की बारा."

त्या अर्ध्या आयुष्याच्या सवयीने बोलल्या आणि बाकीच्यांनी अर्ध्या आयुष्याच्या सवयीने ऐकलं. भोंगा आता वाजणारच नाही हे सगळ्यांना माहीत होतं. पण माहीत असणं डोक्यात असतं आणि हात कानाचं ऐकतात. अक्का कोसळल्या तेव्हा दीड वाजून गेला होता.

नऊच्या सुमाराला मलाच गरगरू लागलं. घाम नव्हता, त्यामुळे मी ठीक आहे असंच सगळ्यांना सांगत होते. कमलने माझ्या कपाळाला हात लावला आणि दंडाला धरून बांधावर आणून बसवलं, डोक्यावर पाणी ओतलं. "शहाण्या बायाच आधी पडतात," एवढंच म्हणाली. मी शिक्षिका आहे, पण दुसरा तांब्याही निमूट डोक्यावर ओतून घेतला.

यंदा बायांनी मालकांपुढे एकच मागणी ठेवली होती. काम सकाळी सहाला सुरू, साडेदहाला बंद. राहिलेलं संध्याकाळी पाचनंतर. मालकही काही राक्षस नव्हते. पंडितभाऊ म्हणाले, चालेल, पण साडेदहा नक्की कुणाचे? एका बागेतल्या बाया दहाला निघाल्या की दुसऱ्या बागेतल्या पावणेदहाला निघणार. सगळ्यांना ऐकू जाईल असा भोंगा असेल तर मान्य. नसेल तर जुनीच वेळ. वैशाख तर डोक्यावर तापतच होता.

नानांनी खटपट केली होती. देवळाच्या कर्ण्यावरून साडेदहाला घंटा वाजवून पाहिली. पण तो कर्णा दिवसभर काहीतरी वाजवतच असतो, त्यामुळे त्याच्याकडे कुणाचे कान जात नाहीत. एकदा तर हळदीच्या गाण्यावर अर्धी टोळी साडेआठलाच बाहेर आली आणि कमलने त्यांना शिव्या देत परत पाठवलं. शेवटी कुणीतरी सांगितलं, साक्रीत एका भंगारवाल्याकडे बंद पडलेल्या गिरणीचा जुना भोंगा पडला आहे. नाना दोन दिवस निघेनात. अक्कांना सोडून जायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. कमल म्हणाली, "मी बसते अक्कांजवळ. तुम्ही जा." मी म्हटलं, "मीही येते."

पारोळा, धुळे, साक्री

लाल बसच्या प्रवासाचं वर्णन करत नाही. ज्यांनी केला आहे त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी केला नाही त्यांना भीती दाखवायला नको. पारोळ्याला उसाचा रस प्यायलो. तिथून पुढे कानावर पडणारी भाषा बदलत गेली, 'आहे'चं 'शे' झालं आणि मला वर्गात मागच्या बाकावर बसल्यासारखं वाटू लागलं. नाना मात्र खुशीत होते. त्यांची आई इकडचीच.

साक्रीच्या आधीच डोंगरांच्या माथ्यावर पवनचक्क्या दिसू लागल्या. नानांना सौर पॅनलचं शेत बघायचं होतं, म्हणून रिक्षा करून तिकडे गेलो. माळावर नजर जाईल तिथवर निळसर काचा. कुंपणाशी एक बाई पाणी पीत होती, काचा धुण्याच्या कामावर होती. ती म्हणाली, "आम्ही सकायमां धोतस. नऊ वाजनात का काचले हात लावता येस नई."

"मग सुट्टी कशी कळते? भोंगा आहे?" नानांनी लगेच विचारलं.

"मुकादम शिटी वाजाडस."

नाना समाधानाने माझ्याकडे बघून मान डोलावू लागले, जणू त्यांच्या खात्याची बाजू कोर्टात सिद्ध झाली.

मग कुंपणाला धरून बराच वेळ उभे राहिले. "धूर नाही, राख नाही. आम्ही खोकत घरी जायचो, वहिनी. धुतलेला सदरा दोरीवर काळा व्हायचा. हे बेस आहे. फक्त आवाज नाही याला." हात कुंपणावरून काढत म्हणाले, "तीस वर्षं मी कोळसा ओढला. आता सगळे म्हणतात, त्याच धुरानं ऊन वाढलं. म्हणजे तिले लागलं ते ऊन मीच पेटवलं का?"

असं कुणी विचारलं की शिक्षकाला समजवायची खुमखुमी येते. जग केवढं, गिरण्या किती, मोटारी किती, तुम्ही एकटे कोण, हे सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. पण ते खरं असलं तरी कोरडं होतं. मी म्हटलं, "त्या कोळशाच्या पगारावर माझी दोन्ही मुलं शिकली, नाना. निम्मं माझ्याही नावावर लिहा."

त्यांनी डोळे पुसले. मीही पुसले. काचा धुणाऱ्या त्या बाईने आम्हाला आपली बाटली दिली.

भंगारवाले शेठ पिढ्यांपूर्वी मारवाडातून आलेल्या घराण्यातले, पण अहिराणी अशी बोलत की मी त्यांना तिथलेच समजले. भोंगा पत्र्याखाली होता, हंड्याएवढा, गंजलेला. "हाऊ भोंगा? आते कोन लेस, नाना?" शेठ हसले. "बठ्ठासना खिसामां मोबाईल शे." बठ्ठा म्हणजे सगळे, हे नानांनी मला हळूच सांगितलं.

"मोबाईलनं बागेतली बाई बाहेर येत नाही, शेठ," नाना म्हणाले आणि सगळी हकीकत सांगितली. शेठ हसायचे थांबले. त्यांनी स्वतः दुकानाच्या थ्री फेजला तारा जोडल्या आणि बटण दाबलं.

तो आठवड्याच्या बाजाराचा दिवस होता, हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. आधी घरघर, मग घशातला गंज झाडल्यासारखा खरखराट, मग जो काही आवाज निघाला! शेळ्या दाव्यासकट पळाल्या. एका बाईची टोमॅटोची पाटी उलटली. आग लागली समजून दोघे बादल्या घेऊन धावत आले. "चालस!" शेठ टाळ्या पिटत ओरडले. "बठ्ठं साक्री जागं व्हई गयं!" टोमॅटो आम्ही तिघांनी मिळून वेचले आणि त्या बाईच्या शिव्याही तिघांनी मिळून खाल्ल्या. शेठने भोंगा निव्वळ भंगाराच्या भावाने दिला, वर गुळाचा चहा पाजला.

परतीच्या बसमध्ये नानांनी भोंगा मांडीवर घेतला. टपावर टाका, असं कंडक्टर म्हणाला तर नानांनी असं बघितलं की त्याने पुन्हा विषय काढला नाही. शेजारच्या आजीने विचारलं, "हाई काय शे वो माय?"

"भोंगा शे," मी ऐटीत म्हणाले. सगळी बस हसली. पण माझी अहिराणी बरोबर होती, हे मी आजही सांगते.

साडेदहा

आता अडचण आली विजेची. शेतीची वीज कोणत्या आठवड्यात किती वाजता येईल ते पाळीवर ठरतं. साडेदहाला ती असेलच असं नव्हतं. गावातले वायरमन अशोकराव म्हणाले, भर उन्हात हमखास चालू असतो तो एकच, पंडितभाऊंचा सौर पंप. त्याच्यावर मिनिटभर भोंगा चालेल. पण विचारायचं कुणी?

नाना आणि मी गेलो. पंडितभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे माझी बाग, माझे पॅनल, आणि माझंच काम बंद करायला भोंगा," ते म्हणाले. "भारी आहे तुमचं, नाना."

आत त्यांची बायको कपबशा मांडत होती, ती हातातली बशी घेऊनच दाराशी आली.

"ती पडली तेव्हा मी पंगतीत जिलेबी खात व्हतो, वहिनी," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "तेव्हापासून जिलेबी तोंडात घातली नाही." मग उठून पायांत चपला घालत म्हणाले, "वायर किती लागीन ते सांगा."

पंपाच्या खोलीवर भोंगा बसला. पहिल्यांदा वाजवला तर दाराच्या फटीत शेपूट सापडलेल्या मांजरासारखा केकाटला. नानांचा चेहरा पडला. अशोकरावांनी सांगितलं, उलटा फिरतोय, दोन तारांची अदलाबदल केली की झालं. तारा बदलल्या. वाजवायची परीक्षा मात्र नानांनी पुन्हा घेऊ दिली नाही. म्हणाले, "खोटा भोंगा एकदा वाजला की लोक खऱ्यालाही विचारत नाहीत. उद्या साडेदहालाच."

दुसऱ्या दिवशी टोळ्या सहाला बागांत गेल्या. नाना नऊपासूनच पंपाशी जाऊन बसले. मी अक्कांजवळ ओसरीवर. त्यांच्यापुढे सुपात तूरडाळ होती, थरथरत्या हाताने त्या खडे निवडत होत्या. मी घड्याळ बघत होते. साडेदहा झाले. काही नाही. मी गुडघा विसरून उठणार, एवढ्यात तो वाजला.

चाळीस वर्षांपूर्वी ज्या आवाजाने माझा भात जाळला, तसाच तो बागांवरून गावात शिरला. कुत्री भुंकू लागली. अक्कांचा हात सुपावर थांबला. त्यांनी सूप खाली ठेवलं, हात झटकले, पदर डोक्यावरून सारखा केला आणि खड्या आवाजात म्हणाल्या, "चला वं बायांनो." मग उठू लागल्या. मी त्यांना धरलं. आम्ही दोघी दारात जाऊन उभ्या राहिलो.

बागांतून बाया बाहेर येत होत्या. इकडून चार, तिकडून सहा, कुणाच्या डोक्यावर गाठोडं, कुणाच्या कमरेला विळा. कमल सगळ्यांत शेवटी आली. आत कुणी राहिलं नाही, हे तिने रांगारांगांतून फिरून पाहिलं होतं. येता येता प्रत्येक बाई अक्कांच्या दारात थांबून पाणी प्यायली.

नाना घरी आले तेव्हा घामाने नव्हे, पाण्याने भिजलेले होते. बायांनी पंपावर त्यांना आंघोळ घातली होती. "जोर होता ना आवाजात?" त्यांनी मला तीनदा विचारलं. "ऊन जेवढं कडक, तेवढा जोरात ओरडतो तो."

जेवणं झाली. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा, ताक. अक्का खाटेवर आडव्या झाल्या. बारा वाजायला आले तसे नाना खाटेच्या पायथ्याशी येऊन बसले. वर्षभर रोज याच वेळी बसायचे. बारा वाजले. अक्का कुशीवर वळल्या. पाच मिनिटं गेली, दहा गेली. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं आणि अक्कांना झोप लागली होती.

"वहिनी," नाना अगदी हळू म्हणाले, "आज विचारलं नाही तिनं."

मग त्यांनी भिंतीवरचं घड्याळ उतरवलं आणि आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी लावून पाहिलं. उद्यालाही वेळ चुकायला नको होती.